दोऱ्यानं कापायचं जेवण

लंगरीमामाला माणूस भेटला की तो आधी त्याचं मीठ ठरवायचा. नाव, गाव, जमीनजुमला ही चौकशी मागाहून. समोरच्याकडे नीट बघायचं, उजव्या हाताची करंगळी जिभेला लावायची, डावा डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा. "मीठ कमी" म्हणजे माणूस बरा, पण मिळमिळीत. "मीठ जास्त" म्हणजे दुसऱ्याचं ऐकून न घेणारा. तिसरा निकाल त्याच्यापाशी नव्हता. तलाठ्याचं मीठ जास्त, शाळामास्तरांचं कमी, आमच्या आबांचं जास्त. माझ्याकडे बघून तर तो डोळा मिटायच्या भानगडीतही पडायचा नाही. म्हणायचा, "नाम्या, तुला रांजणभर पाण्यात बुडवून ठिवला तरी तू उतरायचा न्हाईस."

लग्नाच्या पंक्तीत शंभर पानं उठली, तृप्तीचे ढेकर निघाले, तरी मामाची करंगळी जिभेवर यायचीच. स्वतःच्या हातच्या कालवणालासुद्धा त्यानं कधी माफी दिली नाही. "बरोबर" हा शब्द त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलाच नव्हता.

मी शाळेत दुसरीपर्यंत गेलो, आणि मास्तरांनी विनाकारण कान धरला म्हणून तिसरीला पाय ठेवला नाही. त्यामुळे लिहिताना काना-मात्रा इकडचा तिकडं होईल. गोष्ट इकडची तिकडं होणार नाही. ज्यांच्यासमोर माझी आणि मामाची पैज लागली त्यातला मी सोडून आता कुणी उरला नाही, म्हणून ती सांगायला मोकळा आहे. मला राहून राहून वाटतं, आमच्या भागात असा एकेक माणूस होता, आणि तो असा होता हे सांगणारे पण आता संपत आले.

मामा आमच्या रावेतचाच. पलटणीच्या स्वयंपाकघराला लंगर म्हणतात आणि तिथं चूल सांभाळणारा तो लंगरी. मोठ्या लढाईच्या वेळी मामा भरती झाला. लढाई संपल्यावर परत आला तो पत्र्याची ट्रंक, खाकी कोट आणि हातभर लांबीचा लाकडी दांडका घेऊन. दांडका कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "घाटायला." पुढं पिंपरीच्या बाजूला रस्त्याकडेनं कारखाना उभा राहायला लागला, तेव्हा मामानं तिथं चार बांबू रोवले, वर पत्रे टाकले आणि हॉटेल काढलं. भाकरी, पिठलं, कालवण, चहा. आम्ही पोरंठोरं सकाळी रावेताहून चालत जायचो, दिवसभर पाया खणायचो, विटा वाहायचो आणि दुपारचा भोंगा झाला की मामाच्या पत्र्याखाली शिरायचो.

पिंपरीला त्या दिवसांत सगळा मुलूख गोळा झाला होता. निर्वासितांच्या कॅम्पात सिंधी लोक, कारखान्यात मद्रासकडचे फिटर, पंजाबकडचे ड्रायव्हर, बंगालचा एक कारकून. नवा माणूस बाकावर बसला की मामाचा पहिला सवाल ठरलेला: "तुमच्याकडं भाकरीला काय म्हंत्यात?" समोरचा गोंधळायचा. मामाचं म्हणणं असं की जगात माणूस कुठंही गेला तरी भाकरीच खातो. नावं निराळी, पीठ निराळं, भाजायची तऱ्हा निराळी. शेजारच्या दुकानातला किशनशेठ सिंधी एकदा घरून कोकी घेऊन आला. कांदा-मिरची घातलेली, जाड, तुपावर भाजलेली. मामानं तुकडा मोडला, डोळा मिटला.

"शेठ, ही तर आमच्या थालपिटाची मावसबहीण. मीठ कमी."

"अरे मामा, मेरी माँ ने बनाया है!"

"मग आईला सांगा, हात आखडू नका म्हनावं. कॅम्पात आलाय म्हनून काय झालं."

किशनशेठ हसत हसत गेला आणि दुसऱ्या दिवशी खरोखरच जास्त मिठाची कोकी घेऊन आला. त्याच्यावर निकाल पडला, "जास्त." मद्रासी फिटरानं इडलीचं वर्णन केलं तेव्हा मामा म्हणाला, "भाकरीच ती, उकडलेली. तव्यापुढं बसायचा कंटाळा आला असंल बायांना." फिटर पंधरा मिनिटं वाद घालत होता. उठताना तोच म्हणाला, "कुछ कुछ भाकरी है."

इथवर ठीक होतं. पण मामा समुद्रापलीकडचं सांगायला लागला की मला राहवायचं नाही. मिसर देशात म्हणे वालाची भजी तळतात आणि भाकरीचं पोट फोडून आत भरतात. हबशांच्या मुलखात घावन करतात ते परातीएवढं. त्याच्यावरच कालवणं वाढायची, त्याच्याभोवती सगळ्या घरानं बसायचं आणि शेवटी ताटच खाऊन टाकायचं. आणि इटली! इटलीत शेवयांना भोक पाडतात. भाकरी भाजायच्या आधीच तिच्यावर कोरड्यास, म्हणजे कालवण, थापतात आणि दोन्ही एकदम भट्टीत सरकवतात.

"भोक कशाला पाडत्यात पण, मामा?" कुणीतरी विचारायचं.

"रस्सा आत शिरावा म्हनून. डोकं हाय त्यांना."

"आन् दूध?"

"दुधाचा दगड करत्यात. किसून खात्यात."

सगळे हसून लोटपोट व्हायचे आणि आणखी भाकरी मागायचे. मामाही हसायचा. पण एका गोष्टीला तो हसू द्यायचा नाही. इटलीच्या डोंगरात एक म्हातारी होती. ती मक्याच्या भरड पिठाचा घाटा करायची. पाऊण तास हात न थांबवता घाटायचा, लाकडी पाटावर ओतायचा, गोल पसरू द्यायचा, आणि मग दोऱ्यानं कापायचा. हे सांगताना मामा दोन्ही मुठी छातीपुढं धरायचा, मधला न दिसणारा दोरा ताणायचा आणि खालून वर असा ओढायचा. तेवढा वेळ त्याचा चेहरा देवळात उभा असल्यासारखा व्हायचा.

मी तेव्हा बावीस वर्षांचा. अंगात रग, आणि ओठावर मिशी अशी की दोन्ही बाजूंना लिंबू ठरावं. मी म्हणालो, "सुरी न्हवती का म्हातारीकडं? जेवान दोऱ्यानं कापतात, मग खातात कशानं, सुईनं?"

पत्र्याखाली हशा उसळला. मामा हसला नाही. "मी खाल्लंय ते, नाम्या."

"खडकीच्या डेपोत बटाटं सोलत व्हता तुमी समदी लढाई! इटलीत कवा गेलता?"

"तोंड सांभाळून बोल."

आता मामानं "आरं जाऊ दे" म्हटलं असतं तर मीही गप बसलो असतो. पण मला कुणी तोंड सांभाळ म्हटलं की माझं उलटंच होतं. मी उभा राहिलो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "तुमचा पाय समुद्रापलीकडं लागला असंल, तर ही मिशी काढून तुमच्या हातात ठिवीन."

हशा थांबला. आमच्याकडं माणूस मिशी काढतो ती बाप गेल्यावर. बाप धडधाकट असताना मिशीवर पैज लावणं म्हणजे बापालाच तिरडीवर घालण्यासारखं. शिवाय माझं लग्न ठरलेलं, चाकणकडची मुलगी, दोन महिन्यांवर तारीख. पण बोललो ते बोललो.

मामानं हातातला दांडका खाली ठेवला. "आन् मी खोटा ठरलो तर हे हॉटेल बंद. लोकांला खोटं सांगून भाकरी घालणारा मानूस मी न्हाई."

पैज लागली, पण निकाल लावायचा कुणी? इटली काय चिंचवडला होती? महिना-सव्वा महिना पैज तशीच लोंबकळत राहिली. आणि एक दिवस कारखान्यात इटली आपल्या पायांनी चालत आली.

मोठं मशीन बसवायला परदेशातून एक फिटर आला. केस तांबडे, मान तांबडी, म्हणून त्याचं नाव तांबडासाहेब पडलं. आमच्या लोकांचा हिशेब सरळ: गोरा म्हणजे इंग्रज, आणि इंग्रज म्हणजे उकडलेला बटाटा आणि भाजलेला पाव. ते त्याला तिन्ही त्रिकाळ मिळायला लागलं. आठवडाभरात त्याची विजार कमरेवर राहिना, दोरीनं बांधायला लागला. हातोडा दोनदा मारला की तो खाली बसायचा. लोक म्हणायला लागले, हा गडी मशीन अर्धवट टाकून पुढच्या बोटीनं घरी जाणार. मग एक दिवस बंगाली कारकुनाकडून कळलं, की साहेब इंग्रज नाहीच. इटलीचा आहे.

मी दिवसभर मिशीला पीळ देत होतो.

संध्याकाळी मामाला सांगितलं, "तुमचा गाववाला आलाय." मामाचा चेहरा तव्यासारखा काळा पडला. म्हणाला, "माझी पाठ धरलीय, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी चूल नीट पेटत नव्हती. तिसऱ्या दिवशी मामीला ताप. चौथ्या दिवशी तर तांबडासाहेब रस्त्यानं येताना दिसला आणि मामा पिठाच्या पोत्यामागे बसला. हे सगळ्यांनी पाहिलं. बाकावर कुजबूज सुरू झाली. दोन-तीन जणांनी घरची भाकरी बांधून आणायला सुरुवात केली. मामाचं हॉटेल न बोलताच रिकामं व्हायला लागलं, आणि मला, खरं सांगतो, लाज वाटायच्या ऐवजी आनंदच वाटला.

पाचव्या दिवशी भोंगा झाला तसा मी सरळ तांबड्यासाहेबाचा हात धरला. भाषेचा प्रश्नच नव्हता. मला त्याची येत नव्हती आणि त्याला माझी. त्याला ओढत आणला आणि मामापुढं उभा केला.

"घ्या. बोला त्याच्याशी."

सत्तर-ऐंशी माणूस गोळा झालेला. मामा त्याच्याकडे बघत राहिला. सैल विजार, बसलेले गाल, कुठंच न बघणारे डोळे. मला वाटलं आता मामा पळतो. पण मामाची करंगळी हळूच जिभेला लागली, आणि डोळा न मिटताच तो म्हणाला, "ह्यो लई दिवस जेवला न्हाई. बसवा त्याला."

मामानं ट्रंक उघडून मक्याच्या भरड पिठाची पिशवी काढली. ती त्यानं कधी दळून आणून ठेवली होती देव जाणे. पातेल्यात पाणी, पाण्यात मीठ, उकळी आल्यावर पीठ मुठीतून सोडायचं, आणि दांडका फिरवायचा. सुरुवातीला साहेब नुसता बसून होता. मग वास सुटला. साहेबाची मान वर झाली. तो उठून चुलीपाशी गेला, पातेल्यात डोकावला आणि काहीतरी जोरात ओरडला. मामाही ओरडला. मामा उजवीकडून घाटत होता, साहेबाचं म्हणणं डावीकडून. त्यानं दांडका हिसकावला. मामानं परत हिसकावला.

"आरं माझं हॉटेल हाय का तुझं?"

साहेबानं इटलीतून काय सुनावलं ते कळलं नाही, पण शिवी असावी, कारण मामाला बरं वाटलं. शेवटी दोघांनी एकच दांडका चार हातांनी धरला आणि पाऊण तास घाटलं. भोंगा होऊन गेला, कुणी हललं नाही.

मामानं घाटा पाटावर ओतला. पिवळाधमक, गोल, वर वाफ. आता पुढं काय म्हणून आम्ही श्वास धरून उभे. आणि तेवढ्यात, मामानं काही करायच्या आत, तांबड्यासाहेबानं दोन्ही मुठी छातीपुढं धरल्या, मधला न दिसणारा दोरा ताणला आणि खालून वर ओढला. हुबेहूब. मामा इतके दिवस करायचा तसाच.

पत्रे उडतील असा ओरडा झाला. "दोरा! दोरा आणा!" ऐनवेळी दोरा कुणाकडं नाही. एकानं कमरेच्या करगोट्याला हात घातला.

"त्यो नगं," मामा गरजला. "मीठ जास्त व्हईल!"

किशनशेठ पळत दुकानात गेला आणि पुड्या बांधायच्या दोऱ्याचं अख्खं रीळ घेऊन आला. एक टोक मामानं धरलं, एक साहेबानं, आणि घाटा असा कापला गेला की लोण्यातून केस ओढावा. लोणी मामानं वर घातलंच. कडेला सवयीनं ठेचाही ठेवला. साहेबानं पहिला घास घेतला आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ठेचा त्यानं नंतर खाल्ला, त्यामुळे रडण्याचं कारण ठेचा नव्हतं हे मी शपथेवर सांगतो. ठेच्यानं फक्त एवढं झालं की तांबडासाहेब आणखी तांबडा झाला. मग उठून त्यानं मामाच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. मामी आतून "अगं बाई" म्हणाली आणि लोकांनी टोप्या उडवल्या.

सगळ्यांचे डोळे हळूहळू माझ्याकडे वळले. मी कुणाला बोलू दिलं नाही. स्वतः जाऊन वस्तरेवाल्याला बोलावून आणला आणि बाकावर बसलो. मामा म्हणाला, "ऱ्हाऊ दे नाम्या, बाप हाय तुझा." मी म्हणालो, "बाप हाय, तसा शब्दबी हाय. चालव रे." मिशी कागदात घेतली आणि मामाच्या हातात ठेवली. मामानं ती घेतली, पण माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही. तेव्हा मला वाटलं, बिचारा लाजला.

पुढं झालं ते असं. मी बोडक्या ओठानं घरी निघालो आणि वाटेत चाकणचा एक माणूस भेटला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, टोपी काढली आणि काही न बोलता लगबगीनं गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे होणारे सासरे आठ माणसं, चार बायका आणि दोन बैलगाड्या घेऊन दारात. बायकांनी वेशीपासूनच गळा काढलेला. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून त्यांनी पिठलं-भाकरी बांधून आणलेली. आणि आबा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते.

"कोण गेलं?" आबांनी विचारलं.

सासऱ्यांना घाम फुटला. "तुमीच."

आबांनी तंबाखूची चिमूट दाढेत ठेवली, सगळी हकीकत ऐकून घेतली, माझ्याकडं एकदा असं बघितलं की मिशी नव्हतीच म्हणून, नाहीतर तीच जळाली असती. मग म्हणाले, "आता आनलंय तर वाढा. माझ्या नावाचं हाय, मीच खातो." सगळ्यांनी पंगत मांडली. मामाही आला होता. त्यानं पिठलं चाखलं, डोळा मिटला आणि सासूबाईंना म्हणाला, "रडत रडत केलंय, तरी मीठ कमी." रडायला आलेल्या बायका पदर तोंडात कोंबून हसत सुटल्या. त्या चार बायकांत आलेली माझी होणारी बायको हौसा पुढं जन्मभर सांगत होती की तिनं मला पहिल्यांदा पाहिलं ते सासऱ्याच्या दुखवट्यात, सासऱ्याच्या शेजारी बसून भाकरी खाताना.

तांबडासाहेब रोज मामाकडं जेवायला लागला. मशीन बसलं, फिरलं, साहेब अंगानं भरून घरी गेला. जाताना मामाला स्वतःचा पाना देऊन गेला. माझं लग्न झालं. मामाच्या हॉटेलात बाकं कमी पडायला लागली, आणि मामा मात्र दिवसेंदिवस गप होत गेला. मी आलो की नजर चुकवायचा.

एका सकाळी मी नदीकाठच्या तुकड्यात मक्याला पाणी देत होतो तर मामा बांधावर येऊन बसला. खिशातून कागदाची पुडी काढली. माझी मिशी होती.

"नाम्या, ही घे. मी तुला फशिवलं. मी समुद्र बघितलाबी न्हाई."

मी पाट तसाच सोडून त्याच्यापाशी येऊन बसलो. मामानं जे सांगितलं ते असं. लढाईत पकडलेले इटलीचे सैनिक आपल्याच देशात आणून तारेच्या कुंपणात ठेवले होते, आणि मामाची नेमणूक तिथं, त्यांच्या लंगरावर झाली होती. "डाळ-भात घालायचो. खायचे आन् रडायचे. चार वर्सं. दुपारच्याला सावलीला बसून एकच धंदा: आपापल्या घरी काय शिजतं ते सांगायचं. मातीत चित्रं काढून. मिसरात, हबशी मुलखात लढून आलेले, त्यातबी काय खाल्लं त्येच सांगायचे, लढाई कुनी सांगितलीच न्हाई."

"आन् म्हातारी?"

"त्यातल्या एकाची आई. त्यो रोज घाटायचा. भांडं न्हाई, पीठ न्हाई, नुसता हात फिरवायचा. पाऊण तास. मग मोकळ्या जमिनीवर ओतायचा, अंगातल्या स्वेटरचा दोरा काढून कापायचा आन् समद्यांला वाटायचा. समदे हात पसरून घ्यायचे, नाम्या, आन् खायचे. थंडी संपंस्तवर त्याच्या स्वेटराची एक बाही संपली. मग मलाच बघवंना. घोड्यांच्या दाण्यातला मका दळून आनला. त्यानं मला घाटायला शिकवलं."

मामा पुढं म्हणाला, "लोकांला म्हनालो मी खाल्लंय, ते खरं हाय. पर म्हातारीच्या दारात खाल्लंय असं सांगायला बरं वाटायचं. साहेबाला भेवून लपलो ते त्यासाठी. त्यो म्हनाला असता, कंच्या गावात व्हतास? तू पैज जिंकलास. गावात सांग. मी हॉटेल बंद करतो."

घ्या. मी जिंकलो होतो. मिशी काढल्यावर तीन महिन्यांनी. लोकांना सांगितलं तर मी खरा ठरत होतो आणि मामाच्या चुलीवर पाणी पडत होतं. नाही सांगितलं तर बापाच्या जिवंतपणी काढलेली माझी मिशी एका थापेवर गेली होती. दोन्ही मला मंजूर नव्हतं. मी उठलो, मोकळा सोडलेला पाट दुसऱ्या वाफ्यात वळवला आणि परत बांधावर आलो.

"मामा, पैज काय व्हती? तुमचा पाय समुद्रापलीकडं लागला असंल तर."

"व्हय."

"कवा लागला पायजे, ते ठरलं व्हतं का?"

"न्हाई."

"मग उद्या सकाळची गाडी हाय चिंचवडावरनं. कोट घालून या. माझी मिशी मी खोट्यावर जाऊ देनार न्हाई."

मामा कोट घालून आला, बरोबर दांडका घेऊन. बोरीबंदरला उतरलो, विचारत विचारत भाऊच्या धक्क्यावर गेलो आणि रेवसच्या लाँचमध्ये बसलो. लाँच हलली तसा मामानं माझा दंड धरला तो सोडलाच नाही. दर थोड्या वेळानं खलाशाला विचारायचा, "समुद्र संपला की सांगा बरं का." शेजारी एक चष्मेवाले गृहस्थ होते. ते म्हणाले, "अहो, याला समुद्र नाही म्हणत. हे बंदर. खरा समुद्र तिकडे बाहेर." मामाचा हात सैल पडला. मी त्या गृहस्थांना म्हणालो, "खारं हाय न्हवं? मग समुद्रच." ते आणखी काही सांगणार होते, पण मामाच्या हातातल्या दांडक्याकडे बघून राहिले.

रेवसला पाय टेकला आणि पहिली दिसली ती एक बाई, टोपली मांडून बसलेली. टोपलीत तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. मामा तिच्यापुढं उकिडवा बसला, भाकरी हातात उलटीपालटी केली आणि माझ्याकडं असा बघून हसला की सगळं जग त्यानं स्वतः भाजून काढलं आहे.

"बघितलंस? समुद्र वलांडून आलो तरी भाकरीच. मी काय सांगत व्हतो?"

त्या दिवसानंतर मामाचा आवाज कधी पडला नाही. "मी समुद्र वलांडून आलोय," असं तो छाती पुढं काढून सांगायचा, आणि बाकावरून मीच पहिला म्हणायचो, "व्हय, खरं हाय." हॉटेल पुढं वीस वर्षं चाललं. आता तिथं पूल आहे, आणि नातसून भाकरीवर कोरड्यास थापलेलं ते जेवण खोक्यातून मागवते तेव्हा मी एकटाच हसतो. आमच्या घरी मक्याचा घाटा अजून होतो, पाटावर, आणि सुरी त्याच्याजवळ येऊ देत नाही. मिशी मी आयुष्यात तीनदा काढली. एकदा पैजेची, एकदा आबांची. तिसरी मामाची, आणि त्या वेळी कुणी कारण विचारलं नाही.

पण मामा म्हटलं की मला पत्र्याखालचा मामा आठवत नाही, शेवटचा अंथरुणावरचा तर नाहीच. आठवतो तो रेवसच्या धक्क्यावरचा. परतीच्या लाँचला वेळ होता. तो चष्मेवाला गृहस्थ त्याच्या मनातून गेला नव्हता. पायऱ्या उतरून तो पाण्याशी गेला, वाकला आणि करंगळी समुद्रात बुडवली. जिभेला लावली. डावा डोळा मिटला. मी वरून बघत होतो. निकाल "मीठ जास्त" येणार हे मला ठाऊक होतं, आणि तो आला की हसायला मी तयार होतो.

मामा पुष्कळ वेळ डोळा मिटून उभा राहिला.

"बरोबर हाय," तो म्हणाला.

"मामा! बरोबर? एवढं खारट?"

"आरं, एवढ्या पाण्याला एवढं लागनारच की."